हात लावल्यावर वाजणारा गजर

वहिनींना ऑफिसात झाडून सगळे वहिनीच म्हणायचे. ऑफिस त्यांच्या दिराचं, दीर त्यांना वहिनी म्हणतो, म्हणून मग हिशेब बघणारी बाई, खालचा चष्मेवाला, ज्याचं त्यांच्याशी बापजन्मात नातं नाही असा प्रत्येक जण वहिनी. चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या, तिथे ही मंडळी मोबाइलची ॲप बनवायची. वहिनी तिथल्या मुख्य. बाई हुशार, प्रश्नच नाही. फक्त आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या वर्षी एका मोठ्या दवाखान्याच्या किडनी विभागाचं काम आलं. दुसऱ्याची किडनी बसवलेल्या पेशंटना सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. त्यात हयगय झाली की शरीराला ती किडनी परकी वाटायला लागते आणि शरीरच तिच्या जिवावर उठतं. वेळ झाली की फोनने गजर करायचा, पेशंटने गोळी घेऊन बटण दाबायचं आणि त्याची नोंद डॉक्टरांना दिसायची, असं ते ॲप हवं होतं. हे काम मिळालं तेही घरच्याच कारणाने. दिराची धाकटी बहीण, म्हणजे वहिनींची नणंद, हिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. वय चौतीस, पण घरात अजून बेबीच. आदल्या वर्षी सासूबाईंनी आपली एक किडनी तिला दिली. त्या दिवसांत दीर दवाखान्याच्या व्हरांड्यात इतका बसला की तिथल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंच्या चांगलाच ओळखीचा झाला.

ॲप बनवायचं कसं, यावर बैठक झाली. बाजारात फोन दोन जातींचे. प्रत्येकासाठी त्याच्या त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेगळं ॲप लिहायचं, तर काम दुप्पट. किंवा एकदाच लिहून दोन्हीकडे चालवायचं, त्यासाठी तयार साधनं मिळतात. वहिनी या दुसऱ्या बाजूच्या. तिथे आजोबा म्हणून एक जण होता. वय असेल अडतीस, पण घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघायचा, म्हणून आजोबा. तो म्हणाला, बाकी सगळं एकदाच लिहा, माझी काही हरकत नाही, पण गजराचा भाग तेवढा ज्या त्या फोनच्या स्वतःच्या भाषेत लिहूया. बॅटरी वाचवायला फोन ॲपना झोपवतात, तिथे भरवसा ठेवायला नको. वहिनी म्हणाल्या, गजराचं आयतं पॅकेज, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला भाग, मिळतं, जगभर वापरतात. वर आणखी म्हणाल्या, "आजोबा, तुमच्यावर सोडलं तर आपण फोनसुद्धा घरीच बनवू." सगळे हसले. आजोबाही हसला आणि गप्प बसला.

आता खरं सांगायचं तर वहिनींच्या मनात आणखी एक गोष्ट होती. फोनच्या त्या भाषेला त्यांनी कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. तो भाग तसा लिहायचा ठरला असता तर आजोबाच्या शेजारी खुर्ची टाकून शिकायला बसावं लागलं असतं. ते त्यांच्या नाकाला मानवणारं नव्हतं.

ॲप तारखेच्या आत तयार झालं. वहिनींच्या टेबलावर चार फोन ओळीने ठेवलेले असायचे, केबलने कॉम्प्युटरला जोडलेले. त्यांवर गजर लावून बघितला. हजारदा लावला असेल, हजारदा वाजला. मग थोड्या पेशंटना ॲप वापरायला दिलं आणि त्यांत पहिलं नाव बेबीचं घातलं.

घरी मात्र एक अडचण होती. ऑपरेशन झाल्यापासून सकाळी आठला आणि रात्री आठला सासूबाई जिथे असतील तिथून हाक मारायच्या, "बेबी, गोळी." बेबी कपडे दुरुस्त करून द्यायची, मशीनवर बसली की जगाचं भान नसायचं, पण ही हाक तिला बरोबर ऐकू यायची. वहिनींनी सासूबाईंना सांगितलं की आई, आता तुम्ही हाक मारायची नाही. तुम्ही मध्ये पडलात तर ॲप चालतंय की तुम्ही चालवताय ते मला कसं कळणार? सासूबाई म्हणाल्या, बरं बाई, तुला त्यातलं जास्त कळतं. आणि त्यांनी खरंच तोंड मिटलं. आठ वाजायला आले की उठून उगीच काहीतरी आवरत बसायच्या.

महिन्याभराने बेबीचं रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वर गेलेलं. हा आकडा वाढतो म्हणजे किडनी थकायला लागली. डॉक्टरीणबाईंनी बेबीला सरळ विचारलं, गोळी चुकते का, उशीर होतो का? बेबी म्हणाली, नाही. वहिनी शेजारीच होत्या, त्यांनी लॅपटॉप उघडून नोंदी दाखवल्या. सगळ्या गोळ्या वेळेवर, रांगेने हिरवे ठिपके. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आणखीच उतरला. गोळ्या वेळेवर घेऊनही असं होत असेल तर दोष औषधाचा किंवा शरीराचाच, म्हणाल्या. पुढच्या सोमवारी सुईने किडनीचा तुकडा काढून तपासू आणि बहुतेक जास्त कडक औषधं सुरू करावी लागतील. त्या औषधांनी बाकीचं शरीर पोखरतं, तेही त्यांनी लपवलं नाही.

घरी येताना रिक्षात सासूबाई कुशीवर हात ठेवून बसल्या होत्या, जिथे टाके पडले होते तिथे. तेवढ्यात वहिनींना दिराचा फोन आला. दवाखान्याचे मोठे साहेब खूश आहेत, पुढच्या आठवड्यात गुरुवारी ॲप सगळ्या पेशंटना द्यायचं ठरलंय. वहिनींनी नुसतं हं म्हटलं.

त्या रविवारी वहिनी घरी होत्या. सकाळी बेबी मशीनवर कसलीतरी पँट उसवत होती, फोन खिडकीच्या कट्ट्यावर उताणा पडला होता. सासूबाई कपाटातल्या चादरींच्या घड्या मोडून पुन्हा घालत होत्या. वहिनींचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. आठ वाजले. फोन गप्प. वहिनींना वाटलं, घड्याळ पुढे असेल. हातातलं घड्याळ पाहिलं, तेही तेच सांगत होतं. बेबी उसवत होती. सासूबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली होती, ओठ हलत होते, पण सुनेला दिलेला शब्द पाळायचा म्हणून आवाज काही बाहेर येत नव्हता. सव्वाआठ झाले. साडेआठ झाले तेव्हा वहिनींच्याने राहवेना. त्या उठल्या, फोन उचलला, स्क्रीन उजळली आणि त्याच क्षणी हातातल्या हातात गजर खणखणीत वाजायला लागला.

बेबीने मान वर केली आणि म्हणाली, "असंच करतो तो. हात लावला की वाजतो."

"असंच म्हणजे?" वहिनींनी विचारलं. "रोज?"

"रोज नाही गं. पण बरेचदा."

"आणि नोंदीत तर सगळं वेळेवर आहे."

बेबीने सुई खाली ठेवली. ॲपमध्ये वेळ हाताने भरायची सोय होती, वहिनींनीच ठेवलेली, पेशंट बिचारे बटण दाबायला विसरले तर असू दे म्हणून. बेबी गोळी घ्यायची नऊला, साडेनऊला, एकदोनदा तर दुपारी, आणि वेळ भरायची आठची.

"तुझं ॲप नापास झालं असतं ना वहिनी," ती म्हणाली. "इतकी मेहनत केलीस. सगळ्यात आधी मलाच दिलंस."

उद्या या पोरीच्या अंगात सुई घालणार होते, तिला नको ती औषधं देणार होते, आणि कशाच्या जोरावर? तर आपण मोठ्या तोऱ्याने दाखवलेल्या त्या हिरव्या ठिपक्यांच्या. वहिनींनी तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. बेबीच्या गोळ्या चुकल्यात, नोंदी खोट्या आहेत, आणि मूळ चूक माझी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरं झालं आज सांगितलंत. उद्याची तपासणी त्यांनी थांबवली आणि आधी काही दिवस गोळ्या वेळेवर देऊन पाहू म्हणाल्या.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्यांनी शिव्याशाप दिले असते तर वहिनींना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पाण्याचा ग्लास भरला आणि बेबीच्या हातात गोळी ठेवली.

वहिनी तडक ऑफिसात गेल्या. त्यांना एकच कोडं पडलं होतं. बेबीच्या फोनसारखाच फोन आपल्या टेबलावर आहे, तो का चुकत नाही? खुर्चीत बसून त्या फोनांकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना केबल दिसली. इतके दिवस डोळ्यांसमोर होती. केबल लावलेली, म्हणजे फोन चार्ज होतोय. चार्ज होणारा फोन कशाला बॅटरी वाचवेल? तो झोपतच नाही. त्यांनी चारही केबली उपटल्या, गजर लावले, फोन पालथे घातले आणि आजोबाला बोलावून घेतलं. दोघं शाळेतल्या पोरांसारखे हात न लावता बसून राहिले. वेळ झाली. एक फोन वाजला. बाकीच्या तीन फोनांनी हूं की चूं केलं नाही.

आजोबाने डोक्याला हात लावला. तो म्हणाला, मी तोंडाने बोललो खरा, पण केबल काढून मीसुद्धा कधी बघितलं नाही. वहिनींनी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, मला शिकवा.

सोमवारी दिरासमोर उभं राहणं याहून अवघड गेलं. दीर वाईट माणूस नाही, पण गुरुवारसाठी त्याने शब्द दिला होता. तो म्हणाला, देऊन टाकू, नंतर अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त करू, सगळीच ॲप असं करतात. वहिनी नाही म्हणाल्या. तो चिडला, हे साधन निवडलं कोणी, असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, मी.

"भावोजी, तिथे तुमची बहीण आहे."

"बेबीला आई सांगेल की वेळेवर. बाकीच्यांना..." एवढं बोलून तो अडखळला. स्वतःचंच वाक्य त्याला पुढे नेववेना. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि जरा वेळाने त्यानेच दवाखान्यात फोन करून गुरुवार रद्द करवला. मोठे साहेब त्याला काय काय बोलले ते त्याने कधी सांगितलं नाही, पण कान लाल झाले होते.

ज्यांना ॲप आधीच दिलं होतं त्यांना वहिनींनी एकेकाला स्वतः फोन केले. आमच्या गजरावर विसंबू नका, घरातल्या कुणालातरी आठवण करायला सांगा, उशीर झाला असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. एक म्हातारे ड्रायव्हर होते, ते म्हणाले, वाजत नाही खरा बरेचदा, पण आम्हाला वाटलं आमचाच फोन स्वस्तातला, तुम्हाला कशाला त्रास द्यायचा. वहिनींनी पुन्हा एकदा माफी मागितली आणि पुढचा नंबर लावला.

पुढचे दिवस घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला. वहिनी दिवसा आजोबाकडून गजराचा भाग नव्याने लिहायला शिकत होत्या, आठ वाजता घरी हजर असायच्या. मग पुन्हा रक्त तपासलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद बराच वेळ पाहिला. आकडा खाली आला होता. कडक औषधांची गरज नाही, म्हणाल्या. बेबीने मोठा श्वास सोडला आणि दिराने तोंड फिरवून डोळे पुसले. पण पूर्वी होता तिथपर्यंत काही तो उतरला नाही, डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. जे थोडं गेलं ते गेलंच. किडनी चालेल, फक्त आधी धरली होती त्यापेक्षा काही वर्षं कमी.

वहिनींनी मान खाली घातली. तेव्हा इतके दिवस एक शब्द न काढलेल्या सासूबाई खुर्चीत जरा पुढे सरकल्या आणि भाव विचारावा तितक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "डॉक्टर, तोवर माझी दुसरी किडनी हिच्यासाठी ठेवून दिली तर चालेल ना?"

डॉक्टरीणबाईंना वाटलं आजी थट्टा करताहेत. त्या हसल्या. घरचं मात्र कोणी हसलं नाही.