मारतो का, पितो का

लग्नाला दोन वर्षं होत आली असताना माझी मुलगी एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या नवनगरच्या घरी आली. तिचं सासर लांब नव्हतं. उणकलला तळ्याजवळच्या नव्या इमारतीत त्यांचा फ्लॅट, बसनं थोडाच वेळ लागतो. त्यामुळे तिनं मधेच डोकावणं नवं नव्हतं. पण त्या दिवशी बॅग मोठी होती. चपला काढता काढता म्हणाली, "आई, मी राहायला आलेय."

"किती दिवस?"

"परत जायचं नाही म्हणून आलेय."

मी गॅस बंद करून तिच्याजवळ बसले. जावई तिच्याशी बोलत नव्हता. भांडण नाही, आरडाओरडा नाही, फक्त बोलणं बंद. भाजीत मीठ जास्त झालं, माहेरचा फोन लांबला, कसलंही निमित्त पुरायचं. एकदा नऊ दिवस, एकदा सव्वीस दिवस. त्या काळात त्याला काही हवं असलं तर तो आईला सांगायचा आणि सासूबाई स्वयंपाकघरात येऊन हिला सांगायच्या. हिनं ताट वाढलं तर तो ताटाकडे बघायचा, हिच्याकडे नाही.

"मी त्या घरात आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय," ती म्हणाली. मग डोळे पुसून, "एवढ्यात कुणाला सांगू नकोस हं. मला जरा विचार करू दे."

मी हो म्हटलं.

तीस वर्षं मी हायस्कूलमध्ये गणित शिकवलं. फळ्यावर उत्तर चुकलं तर मुलांसमोर स्वतः पुसायला मी कधी लाजले नाही. पण घरातली एकही गोष्ट मी चार जणांना विचारल्याशिवाय केलेली नाही. मुलीचं कॉलेज, नवऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, अगदी मागच्या दाराला जाळी बसवायची की नाही तेही. विचारलं की जिवाला बरं वाटायचं. चुकलं तर चौघांचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आंघोळीला गेली आणि मी थोरल्या जाऊबाईंना फोन लावला. त्यांना मी अक्का म्हणते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "मारतो का?"

"नाही."

"पितो का?"

"नाही हो अक्का."

"मग झालंय काय? बोलत नाही म्हणून कुणी घर सोडतं होय? आमचे हे तरी आयुष्यात किती बोलले माझ्याशी!" त्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मग धारवाडला भावाकडे गेले. तो वकील. त्यानंही तेच दोन प्रश्न विचारले, फक्त हसला नाही. "कोर्टात मी काय सांगू, नवरा गप्प असतो म्हणून? उलट हिनंच घर सोडलं म्हणतील ते. आधी तिला परत पाठव, मग बघू."

तिथूनच पुढे माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे गेले. ती कन्नड शिकवायची, निवृत्तही माझ्याबरोबरच झाली. तिनं मधे एकदाही न अडवता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कळसब्याडरी." पाठवू नका. "मुलगी स्वतःच्या तोंडानं सांगतेय ना? मग आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

मी चहा पिऊन निघाले. बसमध्ये मनात आलं ते जसंच्या तसं लिहिते: हिनं लग्नच केलं नाही, हिला संसारातलं काय कळणार. तिला मी पुन्हा विचारलं नाही. पुढच्या चार दिवसांत शेजारणीला विचारलं, नणंदेला विचारलं, भजनी मंडळातल्या दोघींना विचारलं. मला हवं होतं तेच सांगणारी माणसं वाढत गेली आणि मी त्याला बहुमत समजले.

आठवड्यानं मुलीला घेऊन बाजारात, कोप्पीकर रोडला गेले. तिचं मन रमावं म्हणून एखादा ड्रेस घ्यावा, एवढंच. दुकानात भजनी मंडळातल्या एकीची बहीण भेटली. मी तिला नीट ओळखतही नव्हते. तिनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "होईल गं सगळं ठीक. पुरुष असतातच थोडे अबोल. आपणच पुढे होऊन बोलायचं."

मुलीनं हातातला कपडा काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. परतताना बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असून ती पुढे जाऊन उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "किती जणांना सांगितलंस?"

"सांगितलं नाही गं. सल्ला विचारला."

"न सांगता सल्ला विचारता येतो?"

मी पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेले.

रविवारी अक्का आणि माझा भाऊ आमच्याकडे आले. पुढच्या खोलीत बसून त्यांनी मुलीला समजावलं. खरं तर तिच्यासमोर ते एकमेकांनाच समजावत होते. माझे यजमान खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. अक्कांनी शुक्रवार चांगला आहे म्हणून सांगितलं. मुलगी एवढंच म्हणाली, "आई, तुला काय वाटतं?"

मी म्हणाले, "सगळे म्हणताहेत तर..."

ती उठून बॅग भरायला गेली. शुक्रवारपर्यंतही थांबली नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. दार सासूबाईंनी उघडलं. जावई सोफ्यावर होता. आम्हाला "या, बसा" म्हणाला. तिच्याकडे बघितलं नाही. ती त्याच्यासमोरून बॅग ओढत आत गेली, तरी त्यानं मान वळवली नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि त्यांच्या घरचा चहा पिऊन, बशीत कप ठेवून परत आले.

सात महिन्यांनी सासूबाईंचा फोन आला, "तुमची मुलगी तिकडे आलीय का?" ती आली नव्हती. तीन दिवस आम्ही जेवलो की नाही, आठवत नाही. चौथ्या दिवशी यजमानांच्या, म्हणजे तिच्या अप्पांच्या फोनवर मेसेज आला: नोकरी मिळाली, बेंगळूरला आहे, काळजी करू नका. पत्ता नव्हता.

त्या दिवशी मी यजमानांवर ओरडले. "तुम्ही तेव्हा एक शब्द का बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं?" ते म्हणाले.

बापाला विचारावं लागतं का? पण गावाला विचारत फिरताना मी यांना विचारलं नव्हतं, हेही खरंच होतं.

अक्का म्हणाल्या, "आम्ही आपलं सुचवलं. निर्णय तुमचा होता." भाऊ म्हणाला, "मी फक्त कायदा सांगितला." घटस्फोट झाला तोही आम्हाला झाल्यावर कळला, वकील तिनं तिकडचाच केला. आता ती रविवारी फोन करते, अप्पांना. माझ्याशी गुडघ्यांबद्दल आणि हवेबद्दल बोलते. गेल्या वर्षी तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, ते दवाखान्यातून आपल्या घरी गेल्यावर चार दिवसांनी सांगितलं. मी रडले. "अगं, मी आले असते ना!"

"आली असतीस," ती शांतपणे म्हणाली, "पण आधी कुणाकुणाला विचारलं असतंस."

गणपतीत अक्कांकडे गेले होते. दार त्यांच्या मुलीनं उघडलं. माझ्या मुलीहून ती चार वर्षांनी मोठी. पायात घरातल्या चपला, केस मोकळे, दोरीवर तिच्या मुलाचा युनिफॉर्म. पाहुणी म्हणून आलेली बाई अशी दिसत नाही. स्वयंपाकघरात गेल्यावर मी अक्कांना हळूच विचारलं. त्यांनी कढईतून नजर वर न करता सांगितलं, "वर्ष झालं. आता इथंच राहणार."

"मारायचा का?"

"नाही."

"प्यायचा?"

"नाही गं. पटत नव्हतं. पोरगी वाळत चालली होती. मी म्हटलं, बस झालं, ये निघून."

"कुणाला विचारलंत?"

"माझ्या पोरीचं मी कुणाला कशाला विचारू?"

मला पुढचं बोलायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलंच. "मग माझ्या पोरीच्या वेळी तुम्ही..."

आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपणही नव्हतं. "तू विचारलंस म्हणून सांगितलं. विचारणाऱ्याला माणूस चारचौघांत शोभेल तेच सांगतं. मला काय माहीत तू ते ऐकशील."

त्यांनी मोदकांचं ताट माझ्या हातात दिलं आणि बाहेर नेऊन ठेवायला सांगितलं. मी नेऊन ठेवलं. आरतीला उभी राहिले. अक्कांची मुलगी टाळ वाजवत होती आणि तिचा मुलगा तिच्या पदराशी खेळत होता. मी त्या दोघांकडे फार वेळ बघू शकले नाही.

हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.