दिलवरचं ताट

मी लष्करातला हवालदार कुक. गाव सोनगीर. नोकरीची शेवटची तीन वर्षं युनिटच्या क्रॉसकंट्री टीमच्या लंगरवर, म्हणजे स्वयंपाकघरात होतो. अकरा रनर. पहाटे पाच ते सात आणि दुपारी चार ते साडेपाच पळायचे. मेडिकल ऑफिसरांनी माणशी साडेचार हजार कॅलरींचा तक्ता लिहून दिला होता. लोकांना वाटतं, खेळाडू मोजकंच खातो. रोज तीस किलोमीटर पळणाऱ्याला दोन माणसांचं जेवण लागतं.

लान्स नाईक दिलवर सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याकडचा. टीममध्ये सगळ्यात वेगवान. एका बैठकीला चौदा पोळ्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी केली की मोजदाद नाही.

स्पर्धेला तीन आठवडे असताना नवे कोच आले, एक सुभेदार साहेब. त्यांनी दिलवरला वजनकाट्यावर उभं केलं.

"चार किलो उतरव. हलका झालास की मेडल आपलं."

मी म्हणालो, "साहेब, डॉक्टरांचा तक्ता..."

"तू पोळ्या लाट. याला दोन वेळा दोन-दोन, वर दाल. ऑर्डर आहे."

"जी साहेब."

दिलवरचे गाल बसले. जिना चढताना तो कठडा धरू लागला. साहेब त्याच्यासमोरच मटणाची नळी चोखत बसायचे आणि तुपकट बोटाने काटा दाखवायचे. मला शिसारी यायची. दोनदा मी गूळ-शेंगदाणे दिले. त्याने परत केले. "भाऊ, रोज वजन होतं."

स्पर्धा साडेसहाला सुटली. मी पाण्याच्या पॉइंटवर होतो. सात वाजून दोन मिनिटांनी रेडिओ सेट बोलला.

"पॉइंट तीन. रनर डाऊन. चेस्ट नंबर सात. ओव्हर."

"बोलतोय का? ओव्हर."

"निगेटिव्ह."

सात म्हणजे दिलवर. मी धावत पोचलो. ग्लुकोजचं पाणी ओठांना लावलं. गिळता येत नव्हतं. आठ वीसला हॉस्पिटलमध्ये तो गेला.

दुपारी चौकशीचा कागद आला. 'आहार तक्त्याप्रमाणे दिला.' साहेबांनी पेन पुढे केलं. माझी पेन्शन पाच महिन्यांवर होती. मी सही केली.

दिवसकार्य झाल्यावर सुट्टी काढून त्याच्या घरी गेलो. आईने ओट्यावर बसवलं. अहिराणीत विचारलं, "तू तठे सैपाक करे ना, भाऊ?"

"हा, माय."

"मना पोऱ्या पोटभर जेवे ना?"

मी हो म्हणालो.

लान्स नाईक दिलवर. वय चोवीस. त्याच्या आईने माझ्यापुढे गरम भाकरी ठेवली आणि मी ती खाल्ली.