मागची चव

या, अशा जवळ येऊन बसा. दारात चप्पल घालून उभं राहून का कुठं बोलणं होतं? तो फोन पालथा ठेवा जरा. आणि चहा दिलाय तो असा घटाघटा संपवू नका. मागच्या वेळी आलात, चहा प्यालात, कसा झालाय म्हणून मी विचारलं तर म्हणालात, "छान." तेव्हाच मला आमच्या आण्णांची आठवण झाली होती. ते असते तर तुमच्या हातातला कप काढून घेऊन म्हणाले असते, "छान ही काय चव न्हवं. काय लागलं ते सांगा."

त्यांचं खरं नाव मी सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सगळी मंगळवार पेठ त्यांना आण्णाच म्हणायची. आमच्या बोळाच्या तोंडाला राहायचे. मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडतीत त्यांनी जन्मभर एकच काम केलं, गूळ चाखायचं. शेतकऱ्यांचे रवे यायचे, गोणपाटात बांधलेल्या गुळाच्या मोठ्या ढेपा. आण्णा चाखून प्रत सांगायचे आणि मग व्यापारी बोली लावायचे. मी घरी चिक्की करून विकते, त्यामुळे माझा गूळ तेच निवडून द्यायचे. आमची ओळख ती तशी. सख्खं नातं नाही, पण सख्ख्यांशी मी इतकी भांडले नसेन.

त्यांचं चाखणं बघायला मिळालं असतं तर तुम्ही चहा विसरला असता. आधी पाण्याची चूळ. मग रव्याचा कोपरा नखानं उकरून एक कण डाव्या तळहातावर. तळहात जिभेला लावायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्या हाताचं एक बोट वर. बोट वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही. तीन श्वास जाऊ द्यायचे. कुणी मध्ये बोललाच तर, "थांबा की. पहिल्या चवीवर बोलायचं न्हाई."

मी एकदा विचारलं, गोड तर आहे, त्यात थांबायचं काय? तर म्हणाले, "आक्का, गुळाला तीन चवी. फुडची चव ऊस देतो. मधली गुळव्या देतो, त्यानं काहिलीत किती रटारटा शिजवलं त्याची. आन् मागची, गिळून झाल्यावर घशाच्या कडंला ऱ्हाती ती, जमीन देती. जमीन खोटं बोलत न्हाई."

या जिभेसाठी त्या माणसानं काय काय सोडलं होतं! तंबाखू नाही, सुपारी नाही, दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत. आणि ऐका, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, म्हणजे गुळाच्या सगळ्या हंगामात, तांबडा रस्सा बंद. कोल्हापुरात राहून. लग्नाच्या पंगतीत लोक वाट्या ओरपायचे आणि हे दहीभात खात बसायचे. हंगाम संपला की पहिल्या रविवारी मात्र पातेल्याजवळ पाट मांडून बसत.

अशा माणसाला त्या वर्षी भाद्रपदात ताप आला. आठ दिवसांत उतरला. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला यार्डात मुहूर्ताचे सौदे झाले, आण्णांचं बोट वर गेलं, सगळं नेहमीसारखं.

मग एक दिवस माझ्यासाठी रवा घेऊन आले. "डोळं झाकून घाला चिक्कीत." मी घातला. मोठी परात भरून चिक्की थापली, वड्या पाडल्या, एक तोंडात टाकली आणि थुंकले. खारट. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ असा लागतो, मला ठाऊक होतं, कारण तसा रवा ओळखायला मला आण्णांनीच शिकवलं होतं.

भांडायला म्हणून गेले. ते कट्ट्यावर बसले होते. मी वडी पुढं केली. त्यांनी चूळ भरली नाही, डोळा मिटला नाही. नुसतीच चावली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी काय बोलते ते बघायला. तिथंच माझं भांडण संपलं.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"तापापासनं. जाताना नाक आन् जीभ दोन्ही घिऊन गेला. माती खाल्ल्यागत लागतंय सगळं."

"आणि यार्डात?"

"रंग बघतो. रवा फोडल्याचा आवाज ऐकतो. बोटानं कण चोळतो. तेवढ्यावर सांगतोय पाडव्यापासनं." मग वडीचा उरलेला तुकडा बोटांत चोळत म्हणाले, "पण खारं काय रंगात दिसत न्हाई, आक्का. तुमच्याकडं आला तसा आनि कितींचा एक नंबरात गेला, आन् कुनाचा चांगला माल म्या खाली ढकलला, देव जाणं. वरीसभर राबून आनतात वो लोकं."

दुसऱ्या दिवसापासून ते दाढ दुखते म्हणून घरी बसले. खरं काय ते फक्त मला माहीत. मला वाटायचं सांगून टाकावं, पण ते म्हणत, "जीभ गेली म्हनल्यावर आण्णा उरतो कुठं? येईल परत. थांबू की." आणि रोज सकाळी माझ्याकडे यायचे. मी त्यांच्या तळहातावर कधी हिंग, कधी ओवा, कधी कोकम ठेवायची. बोट वर, तीन श्वास, आणि मान हलायची. नाही.

नाताळच्या सुट्टीत माझी लेक आणि जावई अमेरिकेहून आले. जावयांना मित्रांसाठी आणलेली एक बाटली माझ्या स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवायची बुद्धी झाली, जागा नव्हती दुसरीकडे. सकाळी दहाच्या सुमाराला आण्णा आले. फळीकडे बघितलं आणि एकदम उभे राहिले.

"काकवी कुठली ही? एवढा निवळ रंग?"

जावई हसले. "काकवी नाही आण्णा, व्हिस्की आहे. मक्याची. बर्बन म्हणतात."

"मक्याला असा रंग येत न्हाई, पावणं."

"रंग लाकडाचा. ओकचं नवं पिंप आतून जाळतात, त्यात वर्षानुवर्षं ठेवतात. हिला तर आणखी शेवटी, भाजलेल्या लाकडाच्या पट्ट्या पिंपात सोडून काही आठवडे मुरवलीय. वूड फिनिश म्हणतात त्याला."

आण्णांनी माझ्या कपाटाकडे बघितलं. गेल्याच दिवाळीला सुतारानं त्याला वूड फिनिश मारलं होतं, महिनाभर घरात वास होता. "ते ह्या कपाटाला मारलंय ते? आन् ते पितात?"

हसून हसून मला ठसका लागला, आण्णाही हसू लागले. जावयांनी समजावलं, फिनिश म्हणजे पॉलिश नव्हे, शेवटचा हात. आणि पिणारे लोकही फिनिश म्हणतात ते वेगळंच, घोट गिळल्यावर मागं जे राहतं ते.

आण्णांचं हसू थांबलं. "गिळल्यावर मागं?"

"हो."

"म्हंजे त्या लोकांना पन ठावं हाय."

मग त्यांनी प्रश्नांवर प्रश्न विचारले. पिंप का जाळायचं? किती जाळायचं? पट्ट्या काढल्या न्हाईत तर? गुळव्याला विचारावं तसं. जावयांना निम्मं ठाऊक नव्हतं, ते फोनवर बघून सांगू लागले. त्यात या बाटलीच्या चवी लिहिल्या होत्या, व्हॅनिला, दालचिनी, चेरी, चामडं.

"चामडं? पायताणाचं? कोल्हापुरात बसून चामड्याची चव अमेरिकेतनं मागवायची व्हय?"

पण नजर बाटलीवरून हटेना. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्का, एक थेंब. पोटात न्हाई, जिभंपुरता."

मी ओळखलं, हा माणूस कशासाठी मागतोय. तळहात पुढं आला. मी चमच्यानं थेंब ठेवला. डोळा मिटला, बोट वर. एक श्वास. दोन. तीन. चौथा, पाचवा. बोट खालीच येईना. डोळ्यातून पाणी आलं, मला वाटलं झणक्यानं.

"मागनं काय तरी आलं," ते म्हणाले.

"काय?"

"थांबा. गेलं. काहिलीच्या काठाला काकवी करपून धरती न्हवं का, खरवडून काढतो आपण, तसं. पण बारीक. लई लांबनं."

मग स्वतःच म्हणाले, "का माझ्या मनानंच घेतलं? ह्यांनी जाळलंय म्हणून सांगितलं, म्हणून लागलं मला?"

हे त्यांचं मला फार आवडायचं. स्वतःच्या जिभेवर सुद्धा तपासल्याशिवाय विश्वास नाही. म्हटलं, चला, मी तपासते. माझ्या नॅपकिननं त्यांचे डोळे बांधले. तीन वाट्या घेतल्या. दारूचा झणका तर बिनचवीच्या जिभेलाही कळणार, म्हणून झणका तिन्हींत घातला. एकीत कोरा चहा आणि आल्याचा रस. दुसरीत काकवीचं पाणी, त्यातही आलं. तिसरीत ती बाटलीतली, पाणी घालून. जावई म्हणाले, "आई, तुम्ही कुठं शिकलात हे?" मी म्हटलं, चिक्की विकते मी, लोक फसवायला रोज येतात.

पहिल्या वाटीला आण्णा म्हणाले, "झोंबलं. बाकी काय न्हाई."

दुसरीला, "गोड हाय. तेवढं कळाय लागलंय. मागं काय न्हाई."

तिसरीला बोट खूप वेळ वर राहिलं. "हे त्येच. नवा पोळपाट पयल्यांदा धुतल्यावर येतो बघा, तसलं. मग करपट. मग हिरडा चघळल्यावानी तोंड ओढतंय."

मी वाट्यांचा क्रम बदलून पुन्हा दिल्या. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा दोन वाट्यांत तीच घातली, तर म्हणाले, "थट्टा करताय व्हय? दोन्ही एकच हाईत."

तेवढ्यात लेक महाद्वार रोडवरून खरेदी करून आली. दारातच थबकली. सकाळचे अकरा वाजलेत, जन्मात दारूला न शिवलेले आण्णा डोळे बांधून पाटावर, समोर वाट्या, हातात बाटली घेऊन तिची आई. "आई, काय चाललंय?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्यानं आणलेला गूळ तपासतोय." आणि लपवत नाही, मीही चाखली. मला आधी घसा भाजल्यासारखं झालं, मग लग्नातल्या आइस्क्रीमचा वास आला, आणि जेवण होईपर्यंत नवा पोळपाट घशात राहिला.

नंतर जावयांनी किंमत सांगितली. मी पदर तोंडाला लावला. आण्णांनी विचार केला. "फुडची चव गोड, ती गुळात पन हाय, तिचं काय द्यायचं न्हाई. मधली नुसती झोंबती, तिचं तर आपनच मागून घ्यावं. पैसं मागच्या चवीचं. ती एवढा येळ टिकती, म्हंजे निम्मी किंमत खरी. बाकीची बाटलीची. आन् त्या मिस्त्रीला सांगा, दुसरं लाकूड आठ दिस आधी काढ म्हनावं. शेवटाला कडवट झालंय."

संक्रांतीच्या आधी मी गूळ घ्यायला यार्डात गेले, तर आण्णा आलेले. "दाढ बरी झाली?" लोक विचारत होते. मला बरं वाटलं. आणि भीतीही वाटली. रव्यांच्या ओळी लागलेल्या, एका रव्याशेजारी त्याचा शेतकरी टोपी हातात धरून उभा, अडत्ये, व्यापारी, सगळे. आण्णांनी चूळ भरली. तळहात, डोळा, बोट. सगळा चौक गप्प. मी मनात श्वास मोजत होते.

बोट खाली आलं. "ह्याची प्रत मी सांगनार न्हाई," ते म्हणाले.

"का वो आण्णा? माल खराब हाय?" शेतकऱ्याचा चेहराच उतरला.

"माल न्हाई, जीभ खराब हाय. करपट कळतंय, तुरट कळतंय, गोड कळतंय. खारट कळत न्हाई. पाडव्यापासनं मी तुम्हाला रंगावर फसवलं. ज्यांचा माल माझ्या तोंडानं खाली गेला त्यांनी मला काय बोलायचं ते बोलावं. मी हितं उभा हाय."

दोघं जण पाठ फिरवून निघून गेले, तेही खरं. त्या टोपीवाल्या शेतकऱ्यानं मात्र रव्याचा कण मोडून स्वतःच चाखला आणि म्हणाला, "माझा खारा न्हाई, आण्णा." आण्णा म्हणाले, "तुझ्यावर इस्वास हाय. पण तुझ्या जिभंवर दर ठरत न्हाई, बाबा." मग कुठं लोक हसले.

त्यानंतर ते कबनूरला लेकीकडे राहायला गेले. शेजारच्या यंत्रमागांच्या खडखडाटात फोनवर ओरडून बोलायचे. राम राम नाही, कशा आहात नाही, एकदम, "आक्का, आज हिंग आला." पाहुणा आल्यासारखं. दोन आठवड्यांनी, "कडीपत्ता आला. ओवा अजून वाटंतच हाय." मी विचारायची, खारट? "न्हाई. ते सगळ्यात शेवटी येईल बघा."

आणि एक दिवस, "आक्का, लेकीनं आमटीत दोनदा मीठ घातलं. जावई ताटावरनं उठला. मी दोन वाट्या प्यालो." मग खडखडाटावर आवाज चढवून म्हणाले, "ऐकताय न्हवं? खारट आलं."

पाडव्याला यार्डात यायचं ठरलं होतं. चाखायला नाही, नुसतं सगळ्यांना सांगायला. त्याआधीच, आश्विनात, गेले. झोपेत. त्यांची लेक म्हणाली, आदल्या दिवशी दहीभात मागितला होता. हंगाम जवळ आला होता ना.

माझ्या जावयांनी ती बाटली मित्रांना नेलीच नाही. बघा, फळीवर आहे अजून, दोन बोटं उरलीय. कुणाला देत नाही मी ती. पण तुम्हाला नवी काकवी देते, हात करा पुढं. डावा. चूळ भरा आधी. आता जिभेला लावा आणि बोलू नका. बोट वर धरा.

काय लागलं ते आत्ता नका सांगू. घरी जा, वाटेत मागं काय राहतंय ते बघा, आणि ते सांगायला या परत. फार दिवस नका लावू.