जनार्दनरावांचा जनरेटर

आम्हा बडोद्याच्या मराठी लोकांना एक रोग आहे. तोंडावर कुणाला नाही म्हणायचं नाही. पाहुणा डोक्यावर बसला तरी आम्ही आपले ‘अजून एक वाटी घ्या’ म्हणत राहणार. भीड भिकेची बहीण, हे मुलांना शिकवणारेही आम्हीच आणि भिडेपोटी मरणारेही आम्हीच. मी त्यातली नाही. मी गणिताची शिक्षिका होते, माझ्याकडे चूक ती चूक. त्यामुळे आमच्या कॅम्पिंगच्या ग्रुपमध्ये काही कडू बोलायचं असलं की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. मृदुलाताई, तुम्हाला जमतं हो!

यंदा मला सांगायचं होतं जनार्दनरावांना.

जनार्दनराव मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त झाले, मग बायको गेली. मुलगा परदेशात. फतेगंजला एकटेच राहतात. आम्ही दर हिवाळ्यात जांबुघोड्याच्या बाजूला एका तलावाकाठी तंबू ठोकून दोन दिवस राहतो. त्यांना तिथे आणलं आमच्या अभिषेकने. तो सगळं ठरवतो, आणि राहतो त्यांच्याच सोसायटीत. पहिल्याच वर्षी अहल्याबाईंना दम लागला. वाफ घ्यायचं यंत्र होतं, पण वीज कुठली? जनार्दनरावांनी गाडीच्या डिकीतून छोटा जनरेटर काढला आणि दोरी ओढून सुरू केला. अहल्याबाई सावरल्या. तुम्ही होतात म्हणून निभावलं, असं आम्ही प्रत्येकाने त्यांना सांगितलं. मीसुद्धा.

झालं! तेव्हापासून दरवर्षी जनार्दनराव आणि त्यांचा जनरेटर. पुढे अहल्याबाईंनी बॅटरीवरचं यंत्र घेतलं, बाकीच्यांनी चार्जिंगचे दिवे घेतले, आता कुणालाच त्या विजेची गरज नाही. पण जनार्दनराव तंबूंपर्यंत वायर ओढणार आणि मशीन आपलं संध्याकाळपासून ढगढगढग. माणूस नियमाचा पक्का, हेही सांगते. धूर तंबूंकडे येऊ नये म्हणून वारा बघून मशीन ठेवणार, तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतणार नाही, दहा वाजले की बंद करणार. पण त्या आधीचं काय? आम्ही जातो ते शांततेसाठी, आणि तिथे पिठलं वाढ म्हटलं तर समोरचा पाणी आणून द्यायचा.

तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर? छे! आमच्या लोकांनी काय केलं, तर आपले तंबू लांब लावायला सुरुवात केली. ‘जनार्दनराव, तुम्ही तलावाकडची बाजू घ्या, मोकळी आहे.’ दरवर्षी थोडं थोडं लांब. त्यांना तो मान वाटायचा. इतकी चांगली जागा मलाच का देता, म्हणून संकोचायचे. चालू मशीन सोडून जाऊ नये म्हणून तिथेच खुर्ची टाकून बसायचे, आणि कुणीतरी त्यांचं ताट नेऊन द्यायचं.

यंदा मात्र तिथल्या राखणदारानेच अभिषेकला बजावलं, “आवता वर्षे आ मशीन लावशो तो जगा नहीं मळे.” पुढच्या वर्षी मशीन आणाल तर जागा मिळणार नाही. इतर तंबूवाल्यांच्या तक्रारी होत्या. झाल्या माना माझ्याकडे!

जेवणाच्या आधी मी गेले. जनार्दनराव कानटोपी घालून मशीनपाशी बसले होते. मी ओरडले, “बंद करा ते!” त्यांनी लगबगीने बंद केलं, टोपी वर सरकवली आणि दोन्ही कानांतून कापसाचे बोळे काढले.

“हे काय?” मी विचारलं.

“डोकं उठतं हो त्या आवाजाने. काय झालं? कुणाचा दिवा गेला का?”

अरे देवा. मी कपाळावर हात मारला. “जनार्दनराव, कुणाला लाइट नकोय. कुणाकडेच काही लावलेलं नाही. उलट सगळ्यांना आवाजाचा त्रास होतो. राखणदारसुद्धा नाही म्हणतोय.”

त्यांनी बोळे खिशात टाकले. मग म्हणाले, “कधीपासून नकोय?”

“झाली तीन-चार वर्षं.”

मला वाटलं, आता माणूस चिडणार. पण त्यांचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे मशीन नको होतं, तरी मला बोलावत होतात? मला वाटायचं, मशीनसाठी बोलावता. म्हणून तर ते धूड दरवर्षी उचलून आणायचो. कंबर धरते माझी.”

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? भिडेपोटी बोलावत होतो, हे खरं उत्तर. मी, चूक ती चूक म्हणणारी, म्हटलं, “मग काय तर! चला, आज सगळ्यांबरोबर जेवा.”

ते आले. हात धुऊन, केसांवरून कंगवा फिरवून आले. पंगतीत सगळे सरकले, त्यांना मध्ये बसवलं, ताटात उंधियू वाढलं. बसा, बसा. आणि मग सगळे गप्प. इतकी वर्षं त्यांच्याशी दोन वाक्यांपलीकडे कुणी बोललंच नव्हतं, तर आता काय बोलणार? थंडी आहे नाही यंदा? हो, आहे. उंधियू छान झालंय. हो, छान. शेवटी अहल्याबाईंनी विचारलं, मशीन एका लिटरवर किती चालतं? तर जनार्दनरावांनी हौसेने सगळं सांगितलं. ते संपलं. पुन्हा सगळे ताटात बघायला लागले. मला इतका राग आला, की ओरडावंसं वाटलं, अरे बोला की कुणीतरी! पण मलातरी काय सुचत होतं?

तेवढ्यात आमच्यातली सगळ्यांत लहान, मोहना, हसत म्हणाली, “काका, पुढच्या वर्षी काकूंनाही आणा ना. एकटेच येता नेहमी.”

जनार्दनरावांचा घास हातातच राहिला. “ती नाहीये,” ते म्हणाले. “तुमच्यात यायला लागलो, त्याच्या आधीच गेली. निरुपमा नाव तिचं.” आणि मोहनाचाच चेहरा पडला म्हणून घाईघाईने तिला म्हणाले, “तुला काय माहीत असणार बेटा. चालतं, चालतं.”

ताट पुसून स्वच्छ केलं त्यांनी, आणि उठले. “जरा मशीन बघून येतो.”

बंद मशीनमध्ये काय बघायचं होतं? पण एकानेही विचारलं नाही. ते गेले, आणि खरं सांगते, पंगतीला बोलणं फुटलं. हळूहळू हसूही आलं.

मी मुखवासाची डबी घेऊन त्यांच्याकडे गेले. ते अंधारात खुर्चीवर बसले होते. लोकांचं हसणं तिथे स्पष्ट ऐकू येत होतं.

“या की परत,” मी म्हटलं. “सगळे वाट बघतायत.”

“नाही हो मृदुलाताई. मी बसलो की त्यांना अवघडल्यासारखं होतं.” त्यांनी दोरीच्या मुठीला हात लावला. “दहा वाजायला वेळ आहे अजून. थोडा वेळ सुरू करू का? म्हणजे मी इथे का बसलोय, असं कुणाला वाटणार नाही.”

“करा,” मी म्हटलं.