जसं घडलं तसं सांगणाऱ्या कुसुमताई

आदरणीय कुसुमताई पगारे यांना मी पहिल्यांदा भेटलो ते सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशिनवर बसवायचे सेफ्टी गार्ड आम्ही तिथे बनवत असू. कामगाराचा हात मशिनमध्ये असेल तर प्रेस खाली येऊ द्यायची नाही, एवढंच त्या यंत्रणेचं काम. मी नुकताच इंजिनिअर होऊन विक्री विभागात रुजू झालो होतो आणि ताई विभागप्रमुख होत्या. तरुणपणी त्यांनी दुसऱ्या एका कारखान्यात स्वतः प्रेस चालवली होती. नोकरी आणि घर सांभाळून शिकत त्या या पदापर्यंत पोहोचल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात त्या मला सिन्नरला एका कारखानदारांकडे घेऊन गेल्या. गार्डमुळे मशिन मंदावतं, माल वेळेत निघत नाही, असं त्या गृहस्थांचं म्हणणं होतं. मी तक्ते आणि आलेख टेबलावर मांडले. ते घड्याळाकडे बघू लागले. तेव्हा ताईंनी, ‘मी प्रेस चालवायचे तेव्हा माझ्या शेजारच्या प्रेसवर काम करणाऱ्या एका माणसाबद्दल सांगू का?’ असं विचारलं.

तो माणूस म्हणजे नांदगावचे रघुनाथ अहिरे. त्यांच्या पत्नी भल्या सकाळी कामाला जात, म्हणून मुलीच्या वेण्या घालायचं काम रघुनाथभाऊंकडे होतं. एके दिवशी प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मुलगी सवयीने रिबिनी घेऊन समोर उभी राहिली. तिने बँडेज पाहिलं, रिबिनी दप्तरात ठेवल्या आणि मोकळ्या केसांनी शाळेत गेली.

ताई तिथेच थांबल्या. ‘म्हणून तुम्ही गार्ड घ्या’ असं त्या म्हणाल्या नाहीत. कारखानदारांनी विचारलं, मशिन नेमकं किती मंदावेल? ताईंनी खरा आकडा सांगितला, जराही कमी न करता. ते उठून खाली मशिनांपाशी गेले आणि कामगारांचे हात बघत उभे राहिले. त्याच दिवशी त्यांनी सगळ्या प्रेससाठी गार्ड मागवले. शब्दांनी माणूस असा आतून हलताना मी तोवर पाहिला नव्हता.

मलाही ते जमावं असं वाटू लागलं. वर्षभराने अंबडच्या एका मोठ्या कारखान्यात बोलण्याची संधी मला मिळाली. आमच्या कारखान्याचे ते दिवस ओढाताणीचे होते आणि हे काम मिळणं फार गरजेचं होतं. ताई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी रघुनाथभाऊंची हकीकत सांगितली, पण समोरचे चेहरे मला थंड वाटले. म्हणून मी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं. त्या धक्क्यातून ते सावरले नाहीत, वर्षभरात गेले, असं सांगून टाकलं. कुणीतरी चष्मा काढून डोळे पुसले. व्यवस्थापकांनी कागद पुढे ओढून पेन उघडलं.

ताई उभ्या राहिल्या. “माफ करा साहेब,” त्या म्हणाल्या, “रघुनाथभाऊ हयात आहेत. नांदगावला त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. बाकी सगळं खरं आहे, एवढं मात्र खरं नाही.”

व्यवस्थापकांनी पेन बंद केलं. काम गेलं.

परत आल्यावर मालकांच्या केबिनमध्ये ताई एकट्याच गेल्या. आपण मध्येच बोललो म्हणून काम गेलं, एवढंच त्यांनी सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. मला त्या रागावल्याही नाहीत. ‘येत्या रविवारी माझ्याबरोबर नांदगावला यायचं आहे,’ असं फक्त म्हणाल्या.

रघुनाथभाऊ दुकानात एक वाकडं झालेलं चाक सरळ करत बसले होते. उजव्या हाताचा अंगठा आणि उरलेलं एक बोट यांत पाना धरून ते एकेक तार ताणत होते. काय घडलं ते ताईंनी मलाच सांगायला लावलं. मी अडखळत सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला.

“माल खपवायला माझी बोटं गेली तेवढी पुरली नाय का तुम्हाला?”

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी चहा मागवला आणि ते आपण होऊन बोलू लागले. पाना पुन्हा धरायला किती महिने लागले, डाव्या हाताने लिहायला ते मुलीकडून कसे शिकले, हे सगळं सांगितलं. निघताना म्हणाले, “माझी गोष्ट सांगा, माझी ना नाय. पण मी हाय तसा सांगा.”

काही महिन्यांनी अंबडच्या त्याच व्यवस्थापकांचा फोन आला. आपल्या कारखान्यातल्या कामगारांशी ताईंनी बोलावं, अशी त्यांची इच्छा होती. ताई रघुनाथभाऊंना बरोबर घेऊन गेल्या, त्यांनाच बोलू दिलं आणि स्वतः कामगारांमध्ये मागे जाऊन बसल्या. सभा संपल्यावर कामगारांनीच गार्डची मागणी केली आणि त्या कारखान्याने ती मान्य केली. एवढं वक्तृत्व अंगी असलेल्या व्यक्तीने नेमक्या त्या क्षणी गप्प बसावं, याचं नवल मला अजून वाटतं.

निवृत्तीनंतर ताई दर शनिवारी नाशिकरोडच्या वसाहतीतल्या विहारात बचत गटाच्या महिलांना आपला माल लोकांसमोर कसा मांडावा हे शिकवतात. मागे एक बाई म्हणाल्या, माझ्या मसाल्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हा मसाला पहिल्यांदा कुणी मागून घेतला, असं ताईंनी त्यांना विचारलं. एरवी बोलायला लाजणाऱ्या त्या बाई आपल्या आजारी सासऱ्यांच्या बेचव तोंडाला पहिल्यांदा चव कशी आली, ते सांगता सांगता उभ्याच राहिल्या.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी ताईंना वाचून दाखवला. पंचाहत्तरीतही त्यांचे कान तिखट आहेत. ‘थोर’ आणि ‘अद्वितीय’ हे दोन शब्द त्यांनी खोडायला लावले, मी खोडले. ताई, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पाय धडधाकट राहोत, आवाज असाच स्वच्छ राहो. आम्ही भारावून काहीबाही जास्तीचं लिहीत राहू; ते खोडायला तुम्ही पुढची अनेक वर्षं आमच्यासमोर अशाच बसलेल्या असा.