‘मावशी’ म्हणायला मीच शिकवलेलं

“मावशी, जरा हसा ना. आणि झाडू वर धरा थोडा, फ्रेममध्ये येत नाहीये.”

टीचर असं बोलल्या तेव्हा सहावीच्या वर्गात मी फळ्यासमोर उभी होते. समोर चाळीस पोरं. चार-चार पोरांत एक टॅब. सगळे टॅब माझ्यावर रोखलेले. हातात कोरा झाडू. माझा रोजचा झाडू दिसायला घाण म्हणून ऑफिसातून नवा आणून दिलेला.

नौपाड्यातली ही इंग्लिश शाळा. मी तिथे कंत्राटदाराकडून लागलेली सफाईवाली. आणि त्याच वर्गात, तिसऱ्या बाकावर, माझी पोरगी. समीक्षा. गरिबांसाठी ठेवलेल्या जागांत तिचा नंबर लागला होता. मी कामाला लागले तेव्हा ती दुसरीत होती. पहिल्याच दिवशी तिला बजावलेलं, “शाळेत मला आई म्हणायचं नाही. सगळे म्हणतात तसं मावशी म्हणायचं.”

“का गं?” तिने विचारलेलं.

मी तिची वेणी घालत राहिले. तिला मित्रमैत्रिणी मिळाव्यात, वाढदिवसाला कुणी बोलवावं, एवढंच डोक्यात होतं. पालकसभेला नवरा जायचा. चार वर्षं कुणालाच कळलं नाही. पोरगी समोरून जायची तर मी खाली बघून फरशी पुसायची.

मराठीच्या तासाचा प्रकल्प होता, ‘आपले मदतनीस’. टीचर पोरांना सांगत होत्या, “पुस्तकातलं नको. खऱ्या माणसाशी बोला, स्वतः रेकॉर्ड करा. यालाच खरं शिकणं म्हणतात.” ऐकायला चांगलं वाटलं मला. पण आदल्या दिवशी मला एक कागद दिलेला. पाच प्रश्न. पाच उत्तरं. उत्तरंसुद्धा टीचरनीच लिहिलेली. मी सातवी शिकलेय. पाठ करून आलेले.

पहिल्या गटाने विचारलं, “तुम्हाला तुमचं काम आवडतं का?”

“हो. खूप आवडतं. शाळा हेच माझं मंदिर आहे.”

मागचं एक पोरगं फिस्सकन हसलं. टीचर म्हणाल्या, “परत घेऊ. मावशी, मंदिर म्हणताना हात जोडा.” झाडू काखेत धरला. हात जोडले. परत बोलले. दुसरा गट आला. परत तेच. पोरांना चूक वाटत नव्हतं काही. शिकवलं तसं शिकत होती.

मग समीक्षाचा गट पुढे आला. विचारायचं काम तिच्याकडे. टॅब दुसऱ्या मुलीच्या हातात. समीक्षा माझ्यापासून दोन हातांवर उभी. तिच्या मानेवरचा तीळ दिसत होता मला. सकाळी वेणी घातलेली, तिची रिबन सुटायला आलेली. हात पुढे करून बांधायची सोय नाही.

“मावशी, तुम्हाला तुमचं काम आवडतं का?”

पोटची पोरगी. भर वर्गात. मावशी.

तोंडात उत्तर तयार होतं. निघेना. टीचर म्हणाल्या, “मावशी, पाठ केलंय ना? वेळ जातोय.” समीक्षाने परत विचारलं. या वेळी आवाज बारीक. डोळे माझ्या पायांकडे. मी चार वर्षं जशी खाली बघत होते, अगदी तशी.

ते बघितलं आणि आतून काहीतरी सणकन वर आलं.

“मावशी नाही,” मी बोलले. “आई म्हण. आणि वर बघून विचार.”

सगळी पोरं एकदम समीक्षाकडे वळली. मला वाटलं, रडते आता. तिने मान वर केली.

“आई, तुला तुझं काम आवडतं का?”

“नाही,” मी बोलले. “या शाळेत बारा संडास आहेत. बाराही मी धुते. अ‍ॅसिड उडतं, हातमोजे मागितले तर पुढच्या महिन्यात म्हणतात. आणि त्या बारांतला एकही मला वापरायला देत नाहीत. लागली की स्टेशनजवळच्या सार्वजनिक संडासात जावं लागतं. पाळी असली तरी. म्हणून मी दुपारपर्यंत पाणी पीत नाही.”

“बंद कर ते!” टीचर ओरडल्या. टॅब धरलेली मुलगी घाबरली. टीचरनीच शिकवलेलं होतं, झालं की लगेच सबमिट दाबायचं. तिने दाबलं. “मॅम, गेलं.” प्रकल्प पालकांच्या ग्रुपवर जायचे. तास संपायच्या आत सगळ्यांच्या फोनवर मी होते.

प्रिन्सिपलनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची रिकामी होती, बसा म्हणाले नाहीत. व्हिडिओ त्यांनी काढून टाकला होता. कागद पुढे सरकवला. “लिहून द्या, कुणाच्या तरी सांगण्यावरून बोलले. विषय संपेल.”

“मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलेलं होतं ते मी बोलले नाही.”

“मुलीचा विचार करा.”

मी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. सही केली नाही.

संध्याकाळी कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा फोन. उद्यापासून विठ्ठलवाडीच्या गोडाऊनवर. वागळे इस्टेटमधल्या आमच्या खोलीतून तिथे पोचायचं तर पहाटे उठावं लागतं. तिसऱ्या दिवशी घरी समीक्षा एवढंच म्हणाली, “मला विचारायचंस तरी आधी. आता डब्याला माझ्याशेजारी कुणी बसत नाही.” तिचं खरं होतं. मी विचारलं नव्हतं. जवळ घेतलं. तिने ढकललं नाही.

प्रकल्पाला शून्य मिळालं. टीचरनी तिला बोलावून सांगितलं, वॉचमनकाकांचा इंटरव्ह्यू आण, मार्क देते.

ओपन हाऊसला, म्हणजे मार्क दाखवायच्या पालकसभेला, या वेळी मी गेले. खाडा मारून. टीचरसमोरची खुर्ची ओढली, बसले. त्यांनी वॉचमनकाकांचं तेच परत सांगितलं. मी काही बोलायच्या आत समीक्षा म्हणाली, “नाही मॅम. मी खऱ्या माणसाशी बोलले. तुम्ही सांगितलेलं तेच केलं.”

टीचरनी टॅब उलटा करून ठेवला.

मी म्हटलं, “शून्य का, ते लेखी द्या.”

अजून दिलेलं नाही. माझ्या जागी दुसरी बाई आलीय, तीही संडासाला स्टेशनपर्यंत चालत जाते. तिच्यासाठी मी अर्ज दिलाय, पालक म्हणून. पोच घेतलीय. उत्तर आलं नाही तर दुसरा देईन. मग तिसरा. पोरगी इथेच शिकणार. तिला काढायची धमकी देऊन झालीय. काढून दाखवा. ज्या दिवशी त्या बाईसाठी बारांतलं एक दार उघडेल, त्या दिवशी मी अर्ज थांबवीन. त्याच्या आधी नाही.