‘छोटी माता’ आणि कुमुदताईंची सही

भोपाळ, रविवार

गौरव-अंकाच्या संपादकांची आधी क्षमा मागते. तुमची तीन पत्रं आली, मी एकालाही उत्तर दिलं नाही. डॉ. कुमुद आठल्ये यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. खरं ते लिहायचं धाडस होत नव्हतं.

कुमुदताईंची पहिली भेट कारखान्याच्या टाउनशिपमधल्या इस्पितळात झाली. मी नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेली, गरोदर बायकांच्या माहितीचे कागद भरायला मला बसवलं होतं.

“हिंदी येतं का?” ताईंनी विचारलं.

“येतं की.”

“शाळेतलं!” त्या हसल्या. “इथल्या बायकांचं शिकायला वर्ष जाईल.”

वर्ष सरायच्या आत मी चूक केली. दोन महिन्यांची गरोदर असलेली एक तरुणी आली. अंगावर काही उठलं होतं का, असं मी विचारलं. “हाँ दीदी, छोटी माता निकली थी. तीन दिन में चली गई.” तोवर भेटलेल्या बायका कांजिण्यांना छोटी माता म्हणत. मी लिहिलं: ‘कांजिण्या, बऱ्या झाल्या.’ कांजिण्या इतक्या लवकर जात नाहीत, पण ‘तीन दिवस’ मी लिहिलंच नाही. तिच्या गावी कुठल्याही बारीक पुरळाला छोटी माता म्हणतात, हे मला नंतर कळलं. ताईंनी माझ्या कागदावर विसंबून तिला धीर दिला, “घबराओ मत, ख़तरा कम है,” आणि सही केली.

त्या कांजिण्या नव्हत्या, रुबेला म्हणजे जर्मन गोवर होता. बाळ जन्मलं ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

चौकशीत साहेबांनी विचारलं, “कागद कोणी भरला?”

“सही माझी आहे,” ताई म्हणाल्या.

मी त्याच खोलीत होते. बोलले नाही. ताईंना मिळायची विभागप्रमुखाची जागा दुसऱ्याला गेली, ताईंची बदली झाली.

जाण्याआधी मी त्यांना म्हटलं, “चूक माझी होती.”

“वाचायचं काम माझं होतं. आजार आपल्याला टाळता आला नसता. पण रक्त तपासून धोका तिला नीट सांगता आला असता. मूल ठेवायचं की नाही ते तिनं ठरवायचं होतं. तेच आपण तिच्याकडून काढून घेतलं.” मग म्हणाल्या, “आता पुढचीला नीट विचार.”

नव्या जागी ताईंनी कागदावरचा आजाराच्या नावाचा रकानाच काढून टाकला आणि तिथे प्रश्न घातले. दाने में पानी था? चेहरे से शुरू हुए? कान के पीछे गाँठ थी? कितने दिन? बाईनं पाहिलं ते तिच्याच शब्दांत लिहायचं, नाव डॉक्टर देतील. मी आजही तसंच लिहिते.

तेव्हा व्हरांड्यात ताईंना पाहून तोंड फिरवणारे आज सत्कार समितीत आहेत. त्यांच्यातले एक मला म्हणाले, “दीदी, वो क़िस्सा रहने दीजिए. सम्मान है, अच्छा-अच्छा लिखिए.” माझ्याकडे याहून चांगलं काही नाही. आणि त्यांना तरी काय म्हणू? त्यांनी तोंड फिरवलं, मी तर उघडलंच नाही.

कुमुदताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तेव्हा त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. हे वाचून तरी रागवाव्यात.

उद्याचं काम: लेख छापायला देण्याआधी कोलार रोडला त्या बाळाच्या आईकडे जाऊन, कागद मी भरला होता, हे तिला तोंडानं सांगणे.